राजाची वाद्ये, रयतेचे सूर

पाश्चात्त्य संगीतात ज्याला 'कॉन्सर्ट बँड' म्हणतात, त्या वाद्यवृंदात व्हायोलिन नसते. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बासून, सॅक्सोफोन ही एका बाजूला, ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्यूबा ही पितळी वाद्ये दुसऱ्या बाजूला आणि जोडीला नाना तऱ्हेची तालवाद्ये, असा पन्नास-साठ वादकांचा हा संच असतो. सिंफनी ऑर्केस्ट्रात जे काम व्हायोलिनवादकांचा ताफा करतो, ते येथे क्लॅरिनेटवादकांकडे सोपवलेले असते. आपल्याकडे बँड म्हटले की लग्नाची वरात नाहीतर पोलिसांचे संचलन डोळ्यांपुढे येते. या साऱ्यांचे मूळ एकच, ते म्हणजे लष्करी बँड. फरक इतकाच की कॉन्सर्ट बँड चालत नाही; तो सभागृहात खुर्च्यांवर बसतो आणि लोकांनी केवळ ऐकण्यासाठी जमावे, अशी अपेक्षा धरतो. मुंबईत भारतीय नौदलाच्या बँडच्या मैफली ज्यांनी ऐकल्या असतील, त्यांना हा प्रकार अपरिचित नाही.

या बँडच्या संगीतभांडारात राजेराण्या, राज्याभिषेक, लढाया आणि राजघराण्यांतील मृत्यू यांवरील रचनांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी आहे. ते साहजिकही आहे, कारण ही वाद्ये मुळात राजाच्याच पदरची. मात्र या रचना एकामागून एक ऐकत गेले की एक गोष्ट ध्यानात येते. ज्या काळाच्या कसोटीवर टिकल्या, त्यांत राजाचा निव्वळ जयजयकार क्वचितच आढळतो. राजाला हवे होते एक, संगीतकाराच्या मनात होते दुसरे आणि ऐकणाऱ्यांनी त्यातून घेतले तिसरेच, अशी ओढाताण या संगीतात सतत चाललेली दिसते.

नगारखान्यापासून दरबारापर्यंत

युरोपीय ऑर्केस्ट्रातील टिंपनी अर्थात केटलड्रम हे वाद्य आपल्या नगाऱ्याचेच भावंड आहे. अरबी 'नक्कारा' धर्मयुद्धांच्या काळात युरोपात पोहोचला आणि इंग्रजीत त्याचे 'नेकर्स' झाले; त्याच शब्दाची एक शाखा पूर्वेकडे येऊन आपल्याकडे 'नगारा' झाली. रायगडावर सिंहासनासमोर नगारखाना आहे, तो शोभेसाठी नव्हे. नौबत झडणे ही सत्तेची खूण होती. युरोपातही नेमके हेच होते. ट्रम्पेट आणि नगारे वाजवण्याचा अधिकार वाटेल त्याला नसे. १६२३ साली पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा फर्डिनांड याने ट्रम्पेट व नगारावादकांच्या संघाला सनद दिली आणि गावोगावच्या सामान्य वाजंत्र्यांना ही वाद्ये जवळपास बंद झाली. पुढे अठराव्या शतकात तुर्की सुलतानांच्या 'मेहतर' या लष्करी वाद्यमेळाची युरोपीय दरबारांना भुरळ पडली आणि मोठा ढोल, झांजा, त्रिकोण ही वाद्ये बँडमध्ये शिरली. थोडक्यात, आज ज्याला आपण पाश्चात्त्य बँड म्हणतो, त्याची निम्मी तालवाद्ये पूर्वेच्या राजांकडून आलेली आहेत.

राजाला व्हायोलिन नको होते

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध रचना म्हणजे जॉर्ज फ्रिडरिख हँडेलचे 'म्युझिक फॉर द रॉयल फायरवर्क्स'. ऑस्ट्रियाच्या वारसाहक्काचे आठ वर्षांचे युद्ध १७४८ साली एक्स-ला-शापेलच्या तहाने संपले. तह ब्रिटनमध्ये फारसा लोकप्रिय नव्हता. कॅनडातील लुईबूर हा मोठ्या कष्टाने जिंकलेला किल्ला फ्रेंचांना परत द्यावा लागला होता आणि इतक्या वर्षांच्या खर्चातून हाती काय आले, हा प्रश्न लोक विचारत होते. अशा वेळी सरकारे जे करतात तेच झाले. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये भव्य आतषबाजी ठरली, सेर्वान्दोनी या नामांकित नेपथ्यकाराने लाकडाचा प्रचंड मंडप उभारला आणि संगीताची जबाबदारी हँडेलवर आली.

राजा दुसरा जॉर्ज याला प्रथम संगीतच नको होते. १७४३ साली डेटिंगेनच्या लढाईत स्वतः सैन्याच्या अग्रभागी उभा राहिलेला हा गडी; रणभूमीवर फौजेचे नेतृत्व करणारा तो शेवटचा ब्रिटिश राजा. संगीत ठेवायचेच असेल तर फक्त रणवाद्ये असावीत, 'फिडल' अजिबात नकोत, असे त्याचे म्हणणे होते. हँडेलला मात्र तंतुवाद्ये हवी होती. तोफखान्याचा प्रमुख ड्यूक ऑफ मॉन्टेग्यू याच्या पत्रांतून ही रस्सीखेच स्पष्ट दिसते. हँडेल ऐकत नाही म्हणून बिचारा ड्यूक हैराण झाला होता. अखेर राजाचेच चालले. २४ ओबो, १२ बासून, ९ ट्रम्पेट, ९ हॉर्न आणि नगाऱ्यांच्या ३ जोड्या, असा ताफा ठरला. कॉन्सर्ट बँडची परंपरा जिथून मोजावी अशी ही रचना एका राजाच्या नापसंतीतून जन्मली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

२१ एप्रिल १७४९ रोजी व्हॉक्सहॉल उद्यानात तिची जाहीर तालीम झाली. समकालीन वृत्तांतानुसार बारा हजार लोक तिकीट काढून आले आणि लंडन ब्रिजवर गाड्यांची कोंडी तीन तास सुटली नाही. (आकडा फुगवलेला असावा, असे अभ्यासक म्हणतात. कोंडीवर विश्वास ठेवायला मात्र मुंबई-पुण्याच्या वाचकाला अडचण पडू नये.) प्रत्यक्ष समारंभ २७ एप्रिलला झाला आणि त्याचा बोजवारा उडाला. मंडपाच्या एका भागाला आग लागली, संतापलेल्या सेर्वान्दोनीने आतषबाजीच्या अधिकाऱ्यावर तलवार उपसली आणि त्याला अटक झाली. त्या रात्रीचे संगीत तेवढे उरले.

ते ऐकताना जाणवते की हँडेलने राजाची अट पाळली आणि तरीही आपलेच केले. सुरुवातीच्या 'ओव्हर्चर'मध्ये नगारे आणि ट्रम्पेट यांचा थाट आहे, तो दरबारी आहे. पण मध्येच 'ला पे', म्हणजे 'शांतता', या भागात तो हॉर्नच्या संथ, डोलत्या सुरांत शिरतो आणि रणवाद्यांकडून जवळजवळ अंगाईचे काम करून घेतो. त्यानंतरचा 'ला रेजुईसान्स', म्हणजे 'आनंदोत्सव', हा भाग दरबारापेक्षा रस्त्यावरच्या जल्लोषाला जवळचा वाटतो. महिनाभरातच, २७ मे रोजी, अनाथ बालकांसाठी चालणाऱ्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या मदतीसाठी हँडेलने मैफल केली, तीत हे संगीत पुन्हा वाजले. पुढे त्यात व्हायोलिनेही आली आणि दोनशे वर्षे जग प्रामुख्याने तेच रूप ऐकत राहिले. १९५९ साली हँडेलच्या द्विशताब्दी पुण्यतिथीच्या निमित्ताने चार्ल्स मॅकेरास यांनी २६ ओबोवादक जमवून मूळ थाटाचे ध्वनिमुद्रण केले. इतके ओबोवादक एकाच वेळी मोकळे सापडावेत म्हणून ते रात्री अकरानंतर करावे लागले.

सिंहासन उलथवणाऱ्यांसाठी

हँडेलनंतर नव्वद वर्षांनी पॅरिसमध्ये याच वाद्यांना उलटे काम मिळाले. जुलै १८३० मध्ये तीन दिवसांच्या उठावाने फ्रान्सचा बूर्बाँ राजा दहावा शार्ल पदच्युत झाला. त्या दिवसांत हेक्टर बर्लिओझ एका स्पर्धेसाठी खोलीत कोंडून घेऊन असिरियाचा राजा सार्दानापालस याच्या मृत्यूवर कॅन्टाटा लिहीत होता. बाहेर गोळ्या झडत होत्या. रचना पुरी करून तो पिस्तूल घेऊन रस्त्यावर आला, तेव्हा उठाव आटोपत आला होता. स्पर्धेचे पारितोषिक मात्र त्याला मिळाले.

शार्लच्या जागी लुई फिलिप आला. तोही राजाच, परंतु 'नागरिकांचा राजा' म्हणवून घेणारा. उठावाच्या दशकपूर्तीला, १८४० साली, त्यात मेलेल्यांचे अवशेष बास्तीय चौकातील नव्या जुलै स्तंभाखाली ठेवण्याचे ठरले आणि गृहमंत्री रेम्युझा यांनी बर्लिओझकडे सिंफनी मागितली. मिरवणुकीत वाजवायची म्हणून ती लष्करी बँडसाठी. 'ग्रांद सिंफनी फ्युनेब्र ए त्रिओंफाल', म्हणजे शोक आणि विजयाची महासिंफनी, ती हीच. २८ जुलैला सुमारे दोनशे वादक रस्त्याने वाजवत निघाले आणि राष्ट्रीय रक्षकदलाच्या गणवेशातला बर्लिओझ हातातल्या तलवारीने ताल देत चालला. गर्दीच्या कोलाहलात संगीत धडपणे ऐकू येणार नाही, हे ओळखून त्याने दोन दिवस आधीच निमंत्रितांसमोर सभागृहात रंगीत तालीम उरकली होती. अंदाज खराच ठरला. शेवटचा विजयभाग सुरू असताना रक्षकदलाच्या ढोलांनी तो बुडवून टाकला.

या सिंफनीचे मर्म मधल्या भागात आहे. तेथे सारा ताफा मागे सरतो आणि एकटा ट्रॉम्बोन जणू स्मशानातील भाषण करू लागतो. हे वाद्य तोवर चर्चमधील आणि ऑपेरातील गंभीर प्रसंगी साथीला असे. त्याला रस्त्यावर, हजारोंसमोर, निनावी मृतांच्या वतीने बोलते करणे ही बर्लिओझची प्रतिभा. एका राजाच्या सरकारने दुसऱ्या राजाला हाकलणाऱ्यांचा गौरव करण्यासाठी हे संगीत विकत घेतले होते. हिशेब साधा होता: हुतात्म्यांचे पुण्य आपल्या खाती जमा व्हावे. तो जमला नाही. फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिसवासीयांनी लुई फिलिपलाही घालवले, त्याचे सिंहासन राजवाड्यातून उचलून आणले आणि त्याच जुलै स्तंभापाशी जाळले.

वाग्नरची गोष्ट याच्या अगदी उलट. १८४९ साली ड्रेस्डेनच्या उठावात सामील झाल्याने त्याच्यावर पकड वॉरंट निघाले होते आणि कित्येक वर्षे त्याला जर्मन भूमीबाहेर काढावी लागली. १८६४ मध्ये सावकार दारात उभे असताना बव्हेरियाच्या गादीवर नुकत्याच आलेल्या अठरा वर्षांच्या दुसऱ्या लुडविगने त्याला बोलावून घेतले आणि त्याची कर्जे फेडली. त्याच ऑगस्टमध्ये राजाच्या वाढदिवसासाठी वाग्नरने 'हुल्डिगुंग्जमार्श' हे मानवंदनेचे संचलनगीत लष्करी बँडसाठी लिहिले. कालच्या बंडखोराने आज मुजरा करावा, यावर हसणे सोपे आहे. परंतु या रचनेचा आरंभ कमालीचा हळुवार आहे; त्यात दरबारी अदबीपेक्षा जीव वाचल्याची कृतज्ञता अधिक ऐकू येते. वाद्यवृंदासाठीचे तिचे रूप नंतरचे.

सर विल्यम वॉल्टन यांच्या 'क्राऊन इम्पीरियल'विषयी फार लिहिण्याजोगे नाही, जरी बँडवर ती सर्वाधिक वाजणाऱ्या राजेशाही रचनांपैकी एक असली. १२ मे १९३७ हा दिवस आठव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ठरलेला होता. डिसेंबर १९३६ मध्ये त्याने गादी सोडली आणि त्याच दिवशी धाकटा भाऊ सहावा जॉर्ज अभिषिक्त झाला. बीबीसीच्या मागणीवरून लिहिलेले हे संचलनगीत मूळ ऑर्केस्ट्रासाठी आहे, बँडसाठीचे रूपांतर डब्ल्यू. जे. ड्यूथॉइट यांचे. राजा कोणीही असो, हे संगीत त्याला शोभले असते. २०११ साली राजपुत्र विल्यमच्या विवाहात वधूवर वेस्टमिन्स्टर ॲबीतून बाहेर पडले, तेही याच सुरांवर.

गेलेल्या राजांचे संगीत

विसाव्या शतकात युरोपातील सिंहासने एकामागून एक रिकामी झाली आणि बँड राजाच्या पदरी राहिला नाही. तो लष्कराबरोबरच विद्यापीठांचा, शाळांचा, नगरांचा झाला. राजांवर लिहिणे मात्र थांबले नाही. आता ते इतिहासाकडे पाहणे होते आणि नोकरीचा जाच नसल्याने नजर मोकळी होती.

गॉर्डन जेकब यांनी १९२३ मध्ये, विल्यम बर्डच्या त्रिशताब्दी पुण्यतिथीनिमित्त, त्याच्या कळवाद्यासाठीच्या रचना निवडून 'विल्यम बर्ड सूट' तयार केला. बर्ड हा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राजप्रार्थनालयातील संगीतकार. राणी प्रॉटेस्टंट, हा कट्टर कॅथलिक. चर्चला गैरहजर राहिल्याबद्दल त्याच्यावर वारंवार खटले होत आणि त्याच राणीने त्याला व त्याचा गुरू थॉमस टॅलिस यांना १५७५ साली संगीतमुद्रणाचा मक्ता दिला होता. सूटचा आरंभ 'अर्ल ऑफ ऑक्सफर्ड्स मार्च' या भागाने होतो. दुरून येणारी फौज जवळ येत जावी तसा त्याचा आवाज वाढत जातो.

अमेरिकेत नॉर्मन डेलो जॉयो यांनी १९६४ साली लूव्र संग्रहालयावरील दूरचित्रवाणी माहितीपटाला संगीत दिले, त्याला एमी पुरस्कार लाभला आणि त्यातून 'सीन्स फ्रॉम द लूव्र' हा बँडचा सूट १९६६ मध्ये आकाराला आला. लूव्र हा फ्रान्सच्या राजांचा वाडा. सोळाव्या लुईचा शिरच्छेद १७९३ च्या जानेवारीत झाला आणि त्याच वर्षी १० ऑगस्टला, राजसत्ता कोसळल्याच्या पहिल्या वार्षिकदिनी, वाड्याची दारे संग्रहालय म्हणून जनतेला उघडली. सूटमधील 'द किंग्ज ऑफ फ्रान्स' हा भाग चौदाव्या लुईचा दरबारी संगीतकार लुली याच्या सुरावटीवर उभा आहे. हा लुली १६८७ साली राजा आजारातून बरा झाल्याच्या आनंदात संगीत संचालन करीत होता. ताल देण्याची जड काठी जमिनीवर आपटताना ती स्वतःच्याच पायावर बसली, जखम चिघळली आणि त्यातच तो गेला. राजा पुढे अठ्ठावीस वर्षे जगला.

स्टीव्हन स्टकी यांची १९९२ ची 'फ्युनरल म्युझिक फॉर क्वीन मेरी' ही या साऱ्यांत सर्वांत अस्वस्थ करणारी रचना. इंग्लंडची दुसरी मेरी राणी डिसेंबर १६९४ मध्ये देवीच्या रोगाने, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारली. ५ मार्च १६९५ च्या अंत्यविधीसाठी हेन्री पर्सेलने संगीत दिले आणि नोव्हेंबरात तो स्वतः छत्तिशीच्या आसपास निवर्तला. राणीसाठी केलेल्या त्या संगीताचा अंश त्याच्याही अंत्यविधीत गायला गेला. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसाठी हे संगीत सुषिर व तालवाद्यांवर बांधताना स्टकी यांनी मूळ जसेच्या तसे उभे करण्याचा प्रयत्न केला नाही. पर्सेलचे सूर मध्येच धूसर होतात, एकमेकांवर चढतात, पुसट होतात. तीनशे वर्षांच्या काचेतून पाहावे तसे ते ऐकू येते.

ब्रिटिश बँडला राजांच्या इतिहासाचा खरा खजिना गवसला तो शेक्सपियरच्या नाटकांत. रॉयल शेक्सपियर कंपनीचे संगीतप्रमुख गाय वुल्फेन्डन यांनी १९८२ साली लंडनच्या बार्बिकन नाट्यगृहाचा पडदा उघडणाऱ्या 'हेन्री चौथा' या नाटकाच्या दोन भागांना संगीत दिले. त्यातून वर्षभराने 'गॅलिमॉफ्री' हा सूट निघाला. शब्दाचा अर्थ मिसळ, खिचडी. त्यात राज्याभिषेकाचा डौल आहे तसा फॉल्स्टाफच्या दारूगुत्त्याचा धिंगाणाही आहे, आणि बापलेकांवरचा एक भाग आहे. दुसऱ्याची गादी बळकावलेला, मनाने खचलेला राजा आणि गुत्त्यात रमलेला युवराज, या दोघांमधले न बोललेले सारे तिथे फार थोड्या स्वरांत येते.

एडवर्ड ग्रेगसन यांनी याच कंपनीच्या १९८८ च्या 'द प्लँटॅजिनेट्स' या नाट्यत्रयीला आणि १९९१ च्या 'हेन्री चौथा'ला संगीत दिले आणि त्यावरून ब्रिटिश हवाई दलाच्या संगीत विभागासाठी 'द स्वोर्ड अँड द क्राऊन' लिहिले. पहिल्या भागात दोन बाजूंनी ट्रम्पेट ललकारतात, पण ते स्वागतासाठी नव्हे. पाचव्या हेन्रीच्या अंत्ययात्रेचा सूर लगोलग सुरू होतो. म्हणजे रचनेची सुरुवातच राजाच्या मृत्यूने. दुसऱ्या भागात वेल्सच्या दरबारातील बासरी आणि हार्प. तिसऱ्यात रंगमंचाच्या दोन टोकांना नगाऱ्यांचे दोन संच समोरासमोर ठेवलेले असतात आणि ते एकमेकांवर तुटून पडतात. सभागृहात मध्यभागी बसलेल्या श्रोत्याला आपण दोन सैन्यांच्या कात्रीत सापडलो आहोत, असे वाटल्यावाचून राहत नाही; ध्वनिमुद्रणात हा परिणाम निम्माही उतरत नाही. १९९६ च्या 'द किंग्ज गो फोर्थ' या पुढील रचनेचे तीन भाग त्यांनी धर्मपीठ, प्रजा आणि राज्य अशा नावांनी केले. प्रजेला मधली जागा दिली आहे.

बँडचे वेड आज जपानइतके क्वचितच कुठे असेल. तेथील सातोशी यागिसावा यांची २००४ ची 'माचू पिच्चू: सिटी इन द स्काय' ही रचना पराभूत राजवटीची आहे. पंधराव्या शतकात इंका सम्राट पाचाकुती याने उभारलेले, स्पॅनिश आक्रमकांच्या हाती न लागलेले हे अँडीज पर्वतातील नगर १९११ साली हायरम बिंगहॅम यांनी जगापुढे आणले. यागिसावा यांच्या संगीतात आधी सोन्याने झळकणारी कुस्को राजधानी येते, मग घोडे आणि तोफा घेऊन आलेल्यांचा विध्वंस, आणि शेवटी ढगांतून वर येणारे नगर. भव्यतेचा सोस थोडा अधिक झाला आहे, हे मान्य करायला हवे. पण जिंकणाऱ्या राजांसाठीच घडवलेल्या वाद्यांवर हरलेल्यांची कथा सांगितली जाते, हेही विशेषच.

नव्याने ऐकू पाहणाऱ्यांनी प्रारंभ मॅकेरास यांच्या १९५९ च्या ध्वनिमुद्रणापासून करावा आणि लगेच हँडेलची तीच रचना व्हायोलिनांसह ऐकावी. राजा बरोबर होता की संगीतकार, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. बर्लिओझची सिंफनी ऐकताना नंतर जोडलेली तंतुवाद्ये आणि गायकवृंद नसलेली आवृत्ती मिळाली तर ती घ्यावी. ट्रॉम्बोनचा तो भाग सात-आठ मिनिटांचाच आहे. त्या दिवशी बास्तीय चौकात उभे असलेल्यांपैकी कितीजणांच्या कानी तो पडला असेल, कोण जाणे.